छाटेत टाकलेलं उत्तर

गुरुजी, तुम्ही आम्हाला समाज विज्ञान शिकवत होता. नववीत मी खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसत होतो. तुम्हाला आठवणार नाही; जिवंत असता तरी आठवलं नसतं. तुमच्या मातीला मी आलो होतो. सगळ्यांच्या मागे उभा राहिलो आणि कुणाशी न बोलता परत फिरलो. त्याला तीस वर्षं तरी होऊन गेली असतील. इतक्या दिवसांनी लिहायचं कारण असं की, दोन महिन्यांपूर्वी बेळगावात एका हॉलमध्ये बसवून मला पेपर कसा तपासायचा ते शिकवलं. या वयात. आणि तिथे बसल्या बसल्या मला सारखं वाटत होतं, की इथे यायला हवं होतं ते तुम्ही.

मी पेपर तपासणारा कसा झालो ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही हसाल. आमच्या गल्लीतल्या समाजमंदिरात दुपारी दोन ते चार बायकांचा वर्ग भरतो. नऊ जणी आहेत. बहुतेक सगळ्यांनी लहानपणी शाळा सोडली आणि जन्मभर बिड्या वळल्या. आता त्यांना बाहेरून दहावीला बसवायचं, असं एका संस्थेनं ठरवलं. गणिताला एक पोरगी येते. समाज विज्ञानाला कुणी मिळेना, कारण शिकलेली माणसं दुपारी मोकळी नसतात. मी मोकळा होतो आणि मला वाचायची सवय होती. फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात मी ‘नववी’ लिहिलं आणि देताना त्यावर अंगठा ठेवला. त्या लोकांनी काही विचारलं नाही. तरी महिनाभर मला झोप नीट लागली नाही, की कुणीतरी येईल आणि म्हणेल, नववी नापास माणूस दहावी काय शिकवणार. अजूनही दारात कुणी नवीन माणूस उभा राहिला की माझा हात खडूसकट थांबतो.

त्या नऊ जणींतली एक मला गुरुजी म्हणत नाही. बाकीच्या म्हणतात. ही मला ‘चेकर’ म्हणते. तिचं बरोबर आहे. तुमची शाळा सोडल्यावर मी आधी वखारीत तंबाखू चाळला आणि पुढे बिडी कारखान्यात चेकर झालो. बायका घरी वळलेल्या बिड्या सुपात घेऊन रांगेत बसायच्या आणि मी तपासायचो. जुडी हातात घ्यायची, अंगठ्यानं दाबायची, लांबी बघायची, तोंड मुडपलंय का बघायचं. मऊ लागली, आखूड निघाली, दोरा सैल असला, की बाजूला. त्याला छाट म्हणतात. छाटेत गेलेली बिडी बाईच्या हिशेबात धरत नसत आणि तिला परतही देत नसत. चेकरला बिडीत काय चांगलं आहे ते बघायचं नसतं. चांगली बिडी हाताला लागतच नाही, ती आपोआप पुढे जाते. हाताला लागते ती खोड. पस्तीस वर्षं मी खोड शोधली. या बाईच्या किती बिड्या मी छाटेत टाकल्या असतील याचा अंदाज तिला असेल, मला नाही.

पावसाळा संपता संपता मी वर्गात सरावाचा पेपर घेतला. सहा गुणांचा एक प्रश्न होता: तुमच्या भागातल्या एखाद्या व्यवसायाचा तिथल्या लोकांच्या जीवनावर काय परिणाम झाला, ते लिहा. पुस्तकात तंबाखूवर दीड पान आहे. काळी जमीन, हवामान, बाजारपेठ, रोजगार. आठ जणींनी त्यातलं उतरवून काढलं. हिनं दोन पानं लिहिली ती भलतीच. सातवीत तिला शाळेतून काढून सुपापुढे कसं बसवलं. पानं भिजवायला रात्री आठवण ठेवावी लागते आणि विसरलं तर दुसऱ्या दिवशी घरात भांडण कसं होतं. बोटांच्या टोकांना वास लागतो म्हणून तान्हं पोर तोंड कसं फिरवतं. आणि शेवटी एक ओळ: ‘चेकर छाट काढतो. ती बिडी वाईट असते म्हणतात, पण तीही कुणीतरी ओढतंच. कोण, ते आम्हाला माहीत आहे.’

मी शून्य दिलं. लाल पेनानं, गोल, पानाच्या वरच्या कोपऱ्यात. खाली लिहिलं: ‘पुस्तकाप्रमाणे लिहिणे.’ तिनं पेपर घेतला, त्या शून्याकडे बघितलं, घडी घातली आणि मला परत दिला. म्हणाली, “चेकर, हे बी तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे. छाट आमी घरी न्हेत न्हाय.” सगळ्या हसल्या. त्या दिवसापासून ती वर्गाला आली नाही. दहावीचा फॉर्म भरायला तीन आठवडे उरले होते. तिला नोकरी नको, काही नको. तिला फक्त तिच्या नावाचं मार्क्सकार्ड पाहिजे. ते ती चौकटीत घालून सुनेच्या लग्नाच्या फोटोशेजारी लावणार आहे, असं तिनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं.

मग बेळगावचं बोलावणं आलं. निपाणी, खानापूर, बेळगाव, सगळीकडच्या वर्गांवर शिकवणाऱ्यांना पेपर तपासायला शिकवणार होते. येताना वर्गातला एकेक पेपर आणा, असं सांगितलं होतं. मी हिचाच उचलला. माणसं कसं काहीही लिहितात हे तिथल्या लोकांना दाखवावं, असं माझ्या मनात होतं. बस आठची होती, मी साडेसहाला स्टँडवर जाऊन बसलो. चष्मा आहे का ते चार वेळा चाचपलं. संकेश्वर गेल्यावर वाटलं, आधारकार्ड राहिलं. ते राहिलं नव्हतं.

हॉलमध्ये बावीस जण होते. बरेच निवृत्त मास्तर, दोन-तीन पदवीवाल्या मुली. माझ्या शेजारी जांबोटीकडचा एक शेतकरी होता, अंगात जुना कोट. पहाटे तीन मैल चालून त्यानं बस धरली होती आणि तरी तो माझ्यापेक्षा ताजा दिसत होता. शिकवायला एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी सगळ्यांचे पेपर घेतले, चाळले आणि त्यातला एक निवडला. नाव आणि गुण झाकून झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येकाच्या हातात एकेक ठेवली. माझ्या हातात आली तेव्हा कळलं, तो हिचा पेपर होता.

मॅडमनी फळ्यावर तीन खण आखले. माहिती खरी आणि पुरेशी आहे का, त्याला दोन. कारण आणि परिणाम यांची जोड लावली आहे का, त्याला दोन. स्वतःच्या भागातलं उदाहरण देऊन नीट मांडलं आहे का, त्याला दोन. “शेजाऱ्याचं बघायचं नाही, आधी पूर्ण वाचायचं आणि मगच पेन उचलायचं,” त्या म्हणाल्या. मी वाचलंच नाही. मला पाठ होतं. मी चिठ्ठीवर शून्य लिहिलं, घडी घातली आणि देवाला म्हणालो, आणखी चार-पाच जणांची तरी शून्यं येऊ देत. इतकं मनापासून मी बऱ्याच दिवसांत काही मागितलं नव्हतं.

मॅडमनी चिठ्ठ्या उघडून आकडे फळ्यावर लिहिले. पाच. चार. पाच. पाच. सहा. चार. पाच. मी मोजत बसलो. एकोणिसावी चिठ्ठी माझी. शून्य. हॉलभर हशा. जांबोटीवाला माझ्याकडे वळून म्हणाला, “ओ आप्पा, सहा मार्कांत शून्य? आमच्यात जावई बघतानाबी इतकी खोड काढत न्हाईत.”

“शून्य दिलेलं वाईट नाही,” मॅडम म्हणाल्या, “पण का, ते सांगता यायला हवं. कुणी दिलंय?” मी हात वर केला. म्हटलं, “अक्षर वाईट हाय. सुरुवात न्हाय, शेवट न्हाय. पुस्तकातलं एक वाक्य न्हाय.”

“आप्पा, काय न्हाय ते तुम्ही बरोबर बघितलासा,” त्यांनी माझ्याच बोलीत सांगितलं. आतापर्यंत त्या पुस्तकी बोलत होत्या, माझ्यासाठी उतरून खाली आल्या, हे मला जास्तच लागलं. “आता काय हाय ते वाचून दावा बघू. मोठ्यानं.”

आणि गुरुजी, मी उभा राहून वाचायला लागलो आणि तुमचा वर्ग आठवला. कारण तुम्हीही मला असंच उभं करून वाचायला लावलं होतं. निपाणीतल्या उद्योगांवर प्रश्न होता. मी माझ्या आईवर लिहिलं होतं. ती पत्र्याच्या मापानं पान कसं कापते, खोकला आला की सूप तेवढं बाजूला कसं सरकवते, म्हणजे बिड्यांवर थुंकी उडू नये. दोन पानं. मला वाटलं होतं, तुम्हाला आवडेल. आदल्या महिन्यात जिल्ह्याचा नकाशा चांगला काढला म्हणून तुम्ही मला तुमची लाल-निळी पेन्सिल दिली होती; अर्धीच उरलेली, पण तुमच्या खिशातली. तिच्या निळ्या टोकानं मी वेदगंगा आणि दूधगंगा काढल्या होत्या. लाल टोक जपून ठेवलं होतं. मी वाचून संपवलं आणि तुम्ही वर्गाला म्हणालात, “हा समाज विज्ञानाचा पेपर आहे की ह्याच्या आईचं गाऱ्हाणं?” पोरं हसली. तुम्ही शून्य दिलंत.

घरी आल्यावर आईनं विचारलं, “माझ्यावर लिवलतास म्हनं. काय मिळालं?” मी सांगितलं. ती पान कापत होती, तिचा हात थांबला नाही. म्हणाली, “बरूबर हाय की रं. माझ्यात काय हाय लिवन्यासारखं?” दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तुम्ही कुणाला पाठवून चौकशी केली नाहीत. तुमचं चुकलं असं म्हणणारा त्या गावात तेव्हा कुणी नव्हता आणि आता तुम्ही नाही.

हॉलमध्ये मी वाचत होतो आणि मॅडम एकेका वाक्याला थांबवून बाकीच्यांना विचारत होत्या, हे कशात जातं. शाळेतून काढून सुपापुढे बसवलं: परिणाम. तान्हं पोर तोंड फिरवतं: उदाहरण. पानं विसरली की भांडण: कारण आणि परिणाम, दोन्ही. जे मी टाकलं होतं, त्याला बावीस जण मिळून एकेका खणात जागा देत होते. छाटेची ओळ आली तेव्हा मी थांबलो. जांबोटीवाल्यानं माझ्या हातातला कागद घेतला आणि ती ओळ त्यानंच वाचली. “ही बाई लई हुशार हाय,” तो म्हणाला. “हिच्या चेकरला धरून आणा इकडं.” पुन्हा हशा. मी पण हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेलो. शून्यावर आडवी रेघ मारून शेजारी पाच केले होते. ती दारातच बसली होती, मांडीवर सूप. “या चेकर. घरी येऊन छाट काढाय लागलासा व्हय आता?” मी पेपर पुढे केला. तिनं सूप बाजूला ठेवून तो हातात घेतला. “पाच कुणी दिलं?”

“मी.”

“तुमी न्हाय दिलासा,” ती म्हणाली. “तुमचा अंगठा मला म्हाईत हाय.”

मग मी बेळगावचं सांगितलं, फळ्यावरच्या आकड्यांचं, जांबोटीवाल्याचं. माझ्या शून्याचं सांगितलं नाही. बावीस जणांनी तिचं उत्तर ऐकलं, हे तिनं मला दोनदा बोलायला लावलं. सोमवारी ती वर्गाला आली. फॉर्म भरला. आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, “चेकरनं शिकवू दे, माझं काय म्हननं न्हाय. पन माझा पेपर बेळगावला धाडायचा. त्या बाई तपासतील.” आता नवाच्या नऊ जणी तसंच म्हणतात. दर शनिवारी मी पेपरांचा गठ्ठा बांधून बसनं पाठवतो. गाठ सुटेल, पाऊस लागेल, गहाळ होतील, ही काळजी मंगळवारपर्यंत पुरते. मॅडमनी निरोप पाठवला आहे की मी अजून चार-सहा पेपर तपासून सराव करावा, हात बसेल. हात बसलेला आहे, मॅडम. तीच तर अडचण आहे.

हा कागद कुठे पाठवायचा ते मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी पाठवला नसता. तुम्ही आधी अक्षर बघितलं असतं. पण एक गोष्ट मी मॅडमना सांगितली नाही, तिला सांगितली नाही, ती इथे लिहून ठेवतो. शून्य मी अक्षरासाठी दिलं नव्हतं, पुस्तकासाठीही नाही. त्या छाटेच्या ओळीसाठी दिलं. त्या बिड्या मी घरी नेत होतो, गुरुजी. तिला माहीत आहे आणि मलाही. माझ्या उत्तरातलं तुम्हाला काय लागलं होतं, ते मी इतकी वर्षं शोधतोय. कदाचित काहीच लागलं नसेल, आणि हे जास्त वाईट आहे. मला मात्र तिचं लागलं होतं. आणि ते गोल पुरं करून पेन उचललं, तेव्हा मला बरं वाटलं होतं.