हिरवी पट्टी

३ फेब्रुवारी

इस्त्री जमली! वीस मिनिटांचं काम, दोन तास लागले. पण जमली. पिनेतली वायर जळली होती. हल्ली हात थरथरतो, स्क्रू तीनदा पडला, एकदा तर थेट कपाटाखाली. बाहेर ढगाळ, खोलीत उजेड बेताचा. लाल कुठली, हिरवी कुठली नीट दिसेना. पण चाळीस वर्षांचा अंदाज आहे! ही म्हणाली, "वायरमनला देऊ या का?" म्हटलं, "मी काय मेलोय?" जन्मभर बँकेत कारकुनी केली, पण या घरात बाहेरचा माणूस पक्कड घेऊन शिरला नाही. शिरणारही नाही.

६ फेब्रुवारी

इस्त्री झकास चालतेय. हिनं तोंड भरून कौतुक केलं. इतकं तर लग्नानंतर पहिल्या वर्षीही केलं नव्हतं.

११ फेब्रुवारी

मिक्सरही जमला! काल जुळवला तेव्हा नुसता घुं घुं करत होता. वैतागून तसाच ठेवून दिला. आज फिरून आलो तर सुरळीत. "तुम्ही केलेलं मागाहून बसलं असेल जागेवर," ही म्हणाली. असेल. माझ्याकडे एक स्क्रू उरलाय. बरणीत टाकला, तिथे त्याचे भाऊबंद भरपूर आहेत.

१४ फेब्रुवारी

लेक एकवीसला येतेय, तीन महिन्यांच्या नातीला घेऊन. नात पहिल्यांदाच आजोळी येणार! इकडे गीझरचं बटण दाबलं की चर्र आवाज येतो. ही म्हणाली, "अहो, बाळाची आंघोळ आहे. या वेळी तरी कुणाला—" पुढं बोलूच दिलं नाही.

१७ फेब्रुवारी

इस्त्रीची पिन सैल वाटली. गॅलरीत उन्हात बसून, भिंग घेऊन उघडली. आत हिरवी चिकटपट्टी.

मी काळी वापरतो. चाळीस वर्षं काळीच! वायरही चार बोटं आखूड झालेली. धावत जाऊन मिक्सर उघडला. तिथंही हिरवी.

मग असा संताप आला! ही म्हणायची, "आज जरा मोठी चक्कर मारून या." "पासबुक भरून आणता का?" — आत्ता कळलं! माझ्याच घरात मला शेंडी लावली. आणि मी वेडा, कौतुकानं फुगत होतो. हिच्याशी दिवसभर बोललो नाही. काय झालं विचारलं तर म्हटलं, पोट बिघडलंय.

१८ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या वायरमनच्या दुकानात गेलो. काउंटरवर हिरव्या पट्टीची रिळं! ही पट्टी माझ्या इस्त्रीत कशी आली, विचारलं; चांगला फैलावर घेणार होतो. त्यानं उठून स्टूल पुढं केलं.

"बसा काका. काकूंनी शपथ घातलीय, पण तुम्ही विचारताय म्हणून सांगतो. इस्त्रीत हिरवी वायर लालच्या जागी गेली होती. अख्ख्या इस्त्रीत करंट. काकूंना झटका बसला. पायात रबरी चप्पल होती म्हणून..."

तसाच उठून घरी आलो.

त्या चपलेवरून मी तिला चिडवतो. घरात कसली चप्पल घालता, राणीसाहेब! रोज चिडवतो.

संध्याकाळी भाजी निवडत होती. मी तिच्या बोटांकडे बघत बसलो. "काय हो, काय बघताय?" म्हणाली. "काही नाही." घाबरलोय मी. लाज वाटते त्याहून जास्त घाबरलोय.

१९ फेब्रुवारी

मेन बंद करून, स्टुलावर चढून गीझरचं झाकण काढलं. तीन वायरी. स्क्रू ड्रायव्हर धरला तर त्याचं टोक जागेवर थांबेना. डाव्या हातानं उजवा मनगटात पकडला, तरी थांबेना. खाली हिनं नातीचा छोटा टब घासूनपुसून ठेवलाय. झाकण होतं तसं लावून खाली उतरलो.

सांगायला हवं. 'मला जमत नाही.' तीनच शब्द. जेवताना दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा मीठ मागितलं. दुसऱ्या वेळी ही म्हणाली, "मीठ तुमच्या समोरच आहे."

२० फेब्रुवारी

लेक उद्या येणार. सकाळी हिला सांगितलं, "गीझर केला बरं का दुरुस्त." हात लावला नव्हता. "केलात?" हिचा चेहरा पडला, लगेच हसली. म्हटलं, "पासबुक भरून येतो. मोठी चक्कर मारीन म्हणतो, दुपार होईल."

बँकेसमोरच्या बाकावर अर्धा तास बसलो, मग कोपऱ्यावर गेलो. वायरमनच्या दुकानाला कुलूप. हिनं बोलावला वाटतं. मग लांबचा रस्ता धरला.