दाऊदचाचांचं काउंटर

मनामा, गुरुवार, १२ जानेवारी १९९५

आज संध्याकाळी साहेब मला बाब अल बहरीन या वेशीमागच्या जुन्या पबमध्ये घेऊन गेले. मॅनेजर जागेचा इतिहास सांगत होता. लाकडी काउंटरवर थाप मारून म्हणाला, "हे इंग्लंडहून बोटीनं आलं." साहेब खूश. मीही मान डोलावली. का डोलावली? ते काउंटर आमच्या शेजारच्या दाऊदचाचांनी केलंय, रत्नागिरीहून नवे आले तेव्हा, एकही खिळा न ठोकता. मी हळूच बोट फिरवून पाहिलं. खिळा नव्हताच. पण साहेब माझ्या प्रमोशनचं बोलत होते. तोंड उघडलं नाही.

झिंजला घरी परतलो तर चाचा जिन्यातच वाट बघत होते. सकाळी त्यांना सांगून गेलो होतो ना!

"माझं काउंटर हाय ना अजून?"

"आहे. साहेबांना फार आवडलं."

"मी केलंय म्हणून सांगितलंस?"

"सांगितलं."

चाचांनी तिथूनच घरात हाक मारली, "अगो, ऐकलंस काय? साहेबाला माझं नाव सांगितलान यानं!"

चाची शेवयांची वाटी घेऊन बाहेर आल्या. मी ती उभ्याउभ्या खाल्ली, वर छान झाल्यात म्हणालो.