खोक्यातली टकली

८ जानेवारी

आज कोंबड्याने एका कोंबडीची पाठ फाडली! सासऱ्यांचा लाडका कोंबडा, त्याला ते 'साहेब' म्हणतात. हिची पाठीवरची पिसं आधीच गेलेली, म्हणून मी टकली म्हणतो. आज पंखाजवळची कातडीच उचकटली. लाल मांस दिसतंय म्हणताच बाकीच्या कोंबड्या टोचायला जमल्या.

सासरे म्हणाले, "जगत नाही ही." मी म्हटलं, "बघतो." घरजावयाला दुसरं काम काय? छापखाना बंद पडला, मी अंथरूण धरलं, खाणं-बोलणं सोडलं आणि बायकोने बॅगा भरून इथे माहेरी आणलं. तेव्हापासून इथेच!

९ जानेवारी

कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुतली. भोवतीची पिसं कापायला कात्री मागितली, तर बायको स्वतः घेऊन आली, काम होईपर्यंत उभी राहिली आणि लगेच परत घेऊन गेली. जसं काही मी कात्री विकून खाणार!

औषध आणायला गेलो तेव्हाही बरोबर. दुकानदाराने जांभळं औषध दिलं — लाल झाकलं की टोचत नाहीत म्हणे. टकली आता खोक्यात, पुढे जाळी.

१० जानेवारी

खात नाही.

११ जानेवारी

भिजवलेले दाणे हातावर धरले. टिपले! एवढा आनंद पगाराच्या दिवशीही झाला नसेल.

१४ जानेवारी

जुन्या फोरमनचा फोन. नव्या छापखान्यात मशीनवर माणूस हवाय, राहायला खोलीही देतात. महिनाअखेरपर्यंत कळव म्हणाला. मी नाचायचाच बाकी होतो. पण बायकोचं एकच पालुपद — "बाबा एकटे कसे राहतील?" बाबा! धान्याचं पोतं खांद्यावर टाकून चालतात ते बाबा!

या घरात जीव गुदमरतो. दाढी करायची तर ब्लेड सासऱ्यांच्या कपाटातून मागून घ्यायचं. न्हाणीघराची आतली कडी निखळली ती निखळलीच. मी बसवतो म्हटलं तर — "राहू द्या हो, जावईबापू." चिकटपणाला काही सीमा?

१९ जानेवारी

टकली दिवसभर जाळीला धडका मारत होती. मलाच बघवेना. खपली धरली होती, दिली सोडून.

चुकलंच माझं. खपलीची कड सुटली, लाल दिसलं, आणि सगळ्या तुटून पडल्या. साहेब सगळ्यांत पुढे. मी पोहोचेपर्यंत जखम पुन्हा उघडी. पुन्हा मिठाचं पाणी, पुन्हा औषध. बायको कात्री हातात धरून रडत होती. कोंबडीसाठी इतकं? म्हणाली, "घाई केली की असं होतं."

मी फोरमनचा विषय काढला, तर उठूनच गेली.

२५ जानेवारी

कडेने नवी गुलाबी कातडी येतेय. टकली मात्र माझ्यावर रुसलीय. खोक्याजवळ गेलो की पाठ फिरवते. सांगितलं तिला — बाई, तुझ्याच भल्यासाठी आहे हे. ऐकते कुठे!

२८ जानेवारी

सासरे म्हणाले, "फार दिवस वेगळी ठेवलीत, तर बाकीच्या परकी समजतील. मग बरी होऊन उपयोग काय?" खोकं जाळीसकट खुराड्यातच ठेवायला लावलं. एकमेकींना दिसतील, टोचता येणार नाही. साहेबाला त्यांनी आपणहून वेगळं कोंडलं. नवलच!

महिना संपत आला. या म्हाताऱ्यापायी हे कामही जाणार. चिडून चिडून डोकं दुखायला लागलंय.

३० जानेवारी

टकली मोकळी! एकीने मान वर करून बघितलं, आणि सगळ्या परत दाणे टिपायला लागल्या.

३१ जानेवारी

सकाळी धीर करून सासऱ्यांना विचारलं, "आम्ही गेलो तर एकटे राहाल?"

"मला काय धाड भरलीय? तुमच्यासाठी आणलंय तिने इथे. मी रोज म्हणतो, जाऊ दे आता त्यांना. तर म्हणते, 'जखम अजून ओली आहे, बाबा.'"

मग खिशातून न्हाणीघराची कडी काढली. निखळली नव्हती, त्यांनीच काढून ठेवलेली. माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "बसवता का?"

कात्री. ब्लेड. कडी. माझ्या जिवाला जपत होते दोघं! मी कडी बसवली.

फोरमनला संध्याकाळी फोन करीन. आधी बायकोशी बोलायचंय.