हात दिसले पाहिजेत

२ डिसेंबर

परदेशातल्या कुठल्याशा बड्या कंपनीला भाकरी येत नाही. आज कळलं.

कंपनी कुठली, देश कुठला, ते सुदर्शनलाही धड ठाऊक नाही. हा सुदर्शन अवसरीचा. इंजिनिअरिंग केलं, नोकरी नाही, आता मोटारसायकलवर पिशवी अडकवून वारूळवाडीत दारोदार फिरतोय. पिशवीत कॅमेरे. बाईनं कॅमेरा कपाळाला बांधायचा आणि आपलं रोजचं काम करायचं — भांडी, धुणं, भाकरी. क्लिप मोबाइलमधून कंपनीकडं जाते, आणि ती बघून तिकडं रोबो घरकाम शिकतो.

"नुसतं बघून शिकतो?" मी विचारलं.

"हो काकू. लाखभर क्लिपा बघतो, मग जमतं त्याला."

आमचे हे एकोणीस वर्षं मला बघतायत. अजून चहा जमत नाही.

क्लिपमागं पैसे आहेत म्हटल्यावर हे लगेच हो म्हणाले. डोकं दुसऱ्याचं असलं की हे लगेच हो म्हणतात.

४ डिसेंबर

निवड झाली. माझी नाही, सासूबाईंची.

कंपनीला चुलीवरची बाजरीची भाकरी हवी. 'पारंपरिक' असा शब्द आहे त्यांच्या कागदावर. आणि आमच्या घरात चुलीपुढं बसायचा हक्क एकाच बाईला आहे. मी डिंभ्याच्या वरच्या अंगाची, भात आणि नाचणीच्या मुलखातली. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी बाजरीची भाकरी टाकली ती तव्यावरच फाटली. सगळी पाव्हणी बसलेली. सासूबाई म्हणाल्या, "डोंगरातली हाये, हिच्या हाताला बाजरी न्हाई." आणि माझ्या पुढ्यातली परात ओढून घेतली. ती अजून त्यांच्याकडंच आहे.

बाकी सगळं मी करते. कालवण मी, चपात्या मी, धारा मी, अख्ख्या वस्तीची पीकपाहणी मोबाइलवर भरते ती मी. भाकरी मात्र नाही. ती परात मला पाहिजे, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इथं लिहिते, बास.

नियम असे — हात दिसले पाहिजेत. डोकं हलवायचं नाही. चौकटीत दुसरं माणूस दिसलं तर क्लिप बाद. म्हणजे सासूबाई आत, दार बंद, आणि मी ओट्यावर! मोबाइल माझ्याकडं, कारण क्लिप तपासून पाठवायचं काम माझं. मोठं पद आहे.

५ डिसेंबर

पहिली क्लिप काळी. सासूबाई डोक्यावरचा पदर खाली घ्यायला तयार नाहीत, आणि पदर कॅमेऱ्यावर. शेवटी पट्टा पदरावरून बांधला. साठी ओलांडल्यावर बाशिंग बांधलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. हे हसले. त्यांना जेवायला उशिरा मिळालं.

७ डिसेंबर

आज आवाज चालू ठेवून क्लिप बघितली. नसती बघितली तर बरं झालं असतं.

सासूबाई त्या रोबोशी बोलतात! परवा सुदर्शनला विचारत होत्या, "कुनाची पोर हाये?" तो म्हणाला, आजी, मशीन आहे. "मशीन तं मशीन. कुनाच्या तरी घरी नांदाय जाईलच ना?" त्यांच्या लेखी ती नवी नवरी आहे, आणि हिला पाठवणीआधी तयार करायचीय.

"बघ बाय, पानी येकदम न्हाई वतायचं. पीट मागंल तेवढंच द्यायचं. मनगटानं रगड, बोटानं न्हाई. आन् घाबरू नगं. पयली भाकर समद्यांची मोडती."

पहिली भाकर समद्यांची मोडती.

हे वाक्य मी चार वेळा मागं घेऊन ऐकलं. एकोणीस वर्षांपूर्वी हेच वाक्य कुठं गेलं होतं? मला हाडामांसाची असून मिळालं नाही, आणि त्या लोखंडाला 'बाय' म्हणून मिळतंय. राग आला. लोखंडाचा राग येणारी वारूळवाडीत मी पहिलीच असेन.

११ डिसेंबर

क्लिपा बाद व्हायला लागल्या. कारण — 'अनावश्यक हालचाल'.

सासूबाई एक पाय मुडपून बसतात. वळताना परातीला पाय लागतो. लागला की पीठभरला हात परातीला लावून कपाळाला नेतात. मग कपाळावर कॅमेरा, कॅमेऱ्यावर पीठ. शिवाय पिठाची पहिली चिमूट चुलीत टाकतात. कंपनीला हे दोन्ही नको.

सुदर्शन समजवायला आला. "आजी, ते हात जोडणं तेवढं सोडा."

"परातीला पाय लागला तर?"

"रोबोला पायच नाहीत आजी, चाकं आहेत."

"मंग चाक लागल्यावर जोडंल. शिकवून ठिवाया काय जातंय?"

सुदर्शन पाणी पिऊन गेला. मी क्लिपा पुन्हा पाठवल्या. पुन्हा बाद. एवढ्या बुद्धीचं मशीन बनवणाऱ्यांना पायाखाली काय आलं आणि काय नाही, याचं काही पडलेलं नाही. सासूबाईंच्या बाजूनं मी पहिल्यांदाच काही लिहिलं. हे पान कुणी बघू नये.

१५ डिसेंबर

बांधावर नवा भोंगा बसवलाय, बिबट्या ओळखून वाजतो. आज आमची म्हैस ओळखून वाजला.

१८ डिसेंबर

ठरवलं. फुकटचा वर्ग भरतोय तर मीही बसणार.

कांद्याच्या लागणीहून आलं की गोठ्यामागं उभी राहून क्लिपा बघते. तसं आधी मोबाइललाच विचारलं होतं, त्यात आता सगळं सांगणारं एक आलंय ना. बाजरीची भाकरी फाटू नये म्हणून काय करावं? उत्तर आलं, थोडा मैदा घाला, तव्याला तेल लावा. सासूबाईंना हे वाचून दाखवलं असतं तर मोबाइल चुलीत गेला असता.

क्लिपेत सगळं त्यांच्या डोळ्यांनी दिसतं. खाली बघितलं की त्यांचे हात मला माझेच वाटतात. पीठ कसं मागतंय ते कळतं. "कडंला जाड ठिवू नगं बाय, सासू बोलंल," असंही म्हणाल्या. स्वतःलाच ओळखतात म्हणायच्या!

२३ डिसेंबर

सासूबाई पिंपळवंडीला त्यांच्या बहिणीकडं गेल्या. संधी.

परात घेतली. पाणी बेतानं, मनगटानं रगडलं, थापली. उचलताना दोन तुकडे. दुसरी तीन. म्हशीला घातल्या. तिनं काही मत दिलं नाही.

रोबोला तरी लाखभर क्लिपा लागतात, मी वीसेक बघितल्या, अशी समजूत काढली. परात घासून जागच्या जागी, तोंड भिंतीकडं, त्या ठेवतात तशीच ठेवली. चोरी करायची तर नीट.

२७ डिसेंबर

आता नवीन कारण — 'हालचाल अस्थिर'. रोज दोन-तीन क्लिपा. मी न बघताच पुन्हा पाठवते. नमस्कारानंतर आता थरथर दिसायला लागली त्यांना. उद्या म्हणतील धूर अस्वच्छ आहे.

जेवताना हे म्हणाले, "आई, भाकरी बारीक झाल्यात. आन् कमी बी."

"गिरनीवाल्यानं पीट जाडं दळलंय," सासूबाई म्हणाल्या. गिरणीवाल्याच्या सात पिढ्या निघाल्या. मी मान खाली घालून जेवले. पीठ मी चाळलं होतं, बारीकच होतं. पण आमच्यात वाद कोण घालणार?

३१ डिसेंबर

सुदर्शन आला. तोंड उतरलेलं. क्लिपा मंजूर करायचं काम आधी त्याच्यासारखी पोरं करायची, आता तेही मशीन करतं. त्याच्याकडं उरलं कॅमेरे वाटणं आणि गोळा करणं. जग बदलणार म्हणतात ते असं. चुलीपुढची बाई अजून कामावर आहे, इंजिनिअर निघाला.

संक्रांत झाली की कॅमेरे परत नेणार. कंपनीला भाकरी पुरेशी झाली. आता त्यांना कपड्यांच्या घड्या हव्यात.

म्हणजे माझी शाळाही बंद.

५ जानेवारी

सासूबाई देवळात गेल्या तेवढ्यात एक करून बघितली. उचलली गेली! तव्यावर मधोमध चिरली, पण उचलली गेली. पुरावा नको म्हणून तुकडे घेऊन गोठ्यात गेले.

गव्हाणीत आधीच भाकरीचे तुकडे होते. ताजे. माझे नव्हेत.

६ जानेवारी

कंपनीनं बाद केलेल्या क्लिपा आज पहिल्यांदा शेवटपर्यंत बघितल्या.

उजवा हात थरथरतो. थापताना डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरतात. भाकरी उचलतात तेव्हा बोटं ऐनवेळी सोडून देतात, आणि ती परातीत दुमडून पडते. मग कॅमेरा झटकन वर येतो आणि बंद दाराकडं बघत राहतो. कुणी येतंय का, म्हणून. माझीच चाहूल घेतात त्या, दुसरं कोण येणार? मग मोडकी भाकरी पदराखाली.

बोलणंही थांबलंय. 'बाय' नाही, काही नाही. एका क्लिपेत फक्त एवढंच, "आसं करू नगं रं हाता."

कंपनीच्या मशीनला जे दहा दिवसांपूर्वी दिसलं, ते एका घरात राहून मला दिसलं नाही. दार बंद ठेवायला कंपनीचा नियम होता, त्यांना तो बरा सापडला.

या दिवसाची मी किती वाट बघितली होती. आज जेवताना एक वाक्य बोलले असते तरी फिटलं असतं — हाताला बाजरी राहिली नाही म्हणून. वाक्य तयार होतं, तोंडात घोळलं. पण त्यांनी डाव्या हातानं घास घेतला, पटकन, कुणाचं लक्ष नसताना, आणि मला रडू यायला लागलं. ठसका लागला असं सांगितलं.

वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. लिहून ठेवते, कारण उद्या मीच मान्य करणार नाही.

९ जानेवारी

ह्यांना गोठ्यात नेऊन सांगितलं. आधी म्हणाले, "वय झालंय." मग क्लिप दाखवली. ती त्यांनी पुन्हा लावून बघितली. नारायणगावला डॉक्टरला दाखवायचं ठरलं. सासूबाईंना कोण सांगणार, यावर मात्र दोघंही म्हशीकडं बघत राहिलो.

१२ जानेवारी

उद्या भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, घरभर पुरेल एवढी, शिवाय नैवेद्याची. आणि ती भाकरी म्हशीला घालून भागणार नाही.

संध्याकाळी सासूबाई पट्टा बांधून आत बसल्या, दार लावलं. मी थोडा वेळ ओट्यावर थांबले. मग दार ढकललं.

त्या दचकल्या. परातीत भाकरीचे दोन तुकडे होते, त्यांच्यावर हात ठेवला. "भायेर व्हय. माणूस दिसलं का क्लिप बाद व्हती."

"होऊ द्या."

"कंपनी काय म्हनंल?"

"कंपनीला काय करायचंय आत्या? त्यांची भाकरी झाली शिकून. माझी राहिलीय."

हे कुठून आलं मला माहीत नाही. मी तशीच खाली बसले. जागा कमी, माझा पाय परातीला लागला. हात आपोआप गेला — परातीला, मग कपाळाला.

त्या बघत होत्या. म्हणजे कॅमेराही बघत होता.

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "म्हस लई माजली आपली. दोगींचं खाती."

माहीत होतं तर! मला हसू आलं, त्यांना नाही. त्यांनी तुकडे बाजूला केले आणि परात डाव्या हातानं माझ्याकडं सरकवली. मी पट्टा सोडायला हात पुढं केला तर डोकं मागं घेतलं. "ऱ्हाऊ दे माज्याच डोस्क्याला. मी बघती. तू थाप."

पहिली मोडली.

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही. दुसरा गोळा त्यांनीच पुढ्यात ठेवला.

डॉक्टरचंही तेव्हाच सांगून टाकलं. हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत.

१३ जानेवारी, भोगी

अकरा भाकरी, एकही फाटली नाही. नैवेद्याचीसुद्धा मीच टाकली. आत्या शेजारी बसून होत्या, कपाळावर कॅमेरा.

क्लिप पाठवली. लगेच बाद. त्यांनी कारण वाचायला लावलं. मी वाचलं — 'हे हात नोंदणी केलेल्या व्यक्तीचे नाहीत.'

"कळीव त्यास्नी," आत्या म्हणाल्या, "हात घरातलेच हायेत."