चकतीवरची चकाकी

प्रिय ताई,

पत्र लिहायला बसण्याआधी मी तीन वेळा हात धुतले, तरी बोटांना प्रयोगशाळेतल्या ॲनिलीनचा तो कुजक्या मासळीसारखा वास येतोच आहे. कागदालाही लागला असेल. तू म्हणायचीस की हा वास साबणानं जात नाही, नोकरी सोडल्यावरच जातो. तुझा गेला का, हे मी कधी विचारलंच नाही. फोनवर तू 'हं, मग?' म्हणतेस आणि मी आईच्या गुडघ्याकडे वळतो, म्हणून हे लिहून पाठवतो आहे.

तर गुडघ्याचं आधी सांगून टाकतो. सूज उतरली आहे, पण जिना उतरताना अजून कठड्याला लटकते आणि वर मलाच म्हणते, सरळ चाल. बाबा बरे आहेत. तुझ्याबद्दल कुणी विचारलं की 'ती नोकरी करते, रंगाच्या कारखान्यात' एवढं म्हणतात आणि पेपर उघडतात. परवा शेजारच्या काकांनी विचारलं की ती ते संशोधन वगैरे करत होती ना. बाबांनी पेपर उलटा धरला होता, ताई. मला ताटावरून उठावंसं वाटलं. मी उठलो नाही, जेवलो. मला स्वतःची शिसारी येते ती अशा वेळी.

प्रयोगशाळा तू सोडलीस तशीच आहे, थोडी जास्त घाण. बेसिनच्या तळाशी हिरवट काळा गाळ साचतो, तो मी दर शनिवारी खरवडतो आणि सोमवारी तो पुन्हा असतो. ओव्हनमध्ये कुणीतरी सँडविच गरम केलं. ज्या ओव्हनमध्ये आपण पूड वाळवतो, त्यात. तुझे सर अजून वहीची पानं उलटताना बोटाला थुंकी लावतात. त्या वहीवर काय काय सांडलेलं असतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मग तेच बोट चहात बुडालेलं बिस्किट काढायला वापरतात. पूर्वी मला याचं हसू यायचं. आता मी माझा कप घेऊन बाहेर जातो.

मला तिथे चिकटवलंस तू. अकरावीत शाळा सुटलेला भाऊ, अक्षर चांगलं, शुद्धलेखन बरं, वस्तू जागच्या जागी ठेवतो, असं तू सरांना सांगितलंस आणि त्यांनी मला काचसामान धुवायला आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायला ठेवलं. पहिल्याच आठवड्यात मी सगळ्या चिठ्ठ्या शाईनं लिहिल्या आणि ॲसिटोनचा एक ओघळ आला तशी निम्मी नावं पुसून गेली. तू ओरडली नाहीस. तुझी मऊ, काळीभोर पेन्सिल माझ्या खिशात खोचलीस आणि म्हणालीस, टापटीपराव, इथे पेन्सिलीनं लिहायचं, पेन्सिल कशातच विरघळत नाही. तेव्हापासून ती माझ्या खिशात असते. म्हणजे तिच्या जागी आलेली पाचवी.

आपण काय बनवतो ते मला कळावं म्हणून तू घरी स्वयंपाकघरात बसून शिकवलंस. अंगाच्या साबणाची वडी सुरीनं कापलीस, मग तुकड्यांचे तुकडे केलेस आणि विचारलंस, साबण वाढला का? नाही. मग उघडी बाजू वाढली का? ती वाढली. कापत कापत केसाच्या जाडीच्या हजारो पट खाली गेलं की वस्तू जवळजवळ सगळी पृष्ठभागच होते आणि नेहमीसारखी वागेनाशी होते, तेच नॅनो, बाकी सगळं जाहिरात, असं म्हणालीस. आईनं साबणासाठी तुला आठवडाभर बोलून घेतलं.

मग प्लास्टिक. प्लास्टिकच्या पट्टीतून वीज जात नाही, कारण तिच्यातले इलेक्ट्रॉन आपापल्या जागी जखडलेले असतात. आपल्या पॉलिमरच्या साखळीत एक बंध साधा, एक दुहेरी, असं पुढे पुढे चालतं, म्हणून तिथे सरकायला वाट असते. पण वाट असून भागत नाही. गच्च भरलेल्या बाकावर कुणालाच सरकता येत नाही, एक जण उठला की बाकीचे एकेक जागा पुढे जाऊ शकतात. आम्ल तेच करतं, जागा रिकामी करतं. पूड हिरवी होते, वीज वाहते. अमोनियानं धुतलं की आम्ल निघून जातं, पूड निळी पडते आणि वीज थांबते. पट्टीवर काही होत नाही हे दाखवायला तू नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक चिमुकला दिवा आणला होतास. पट्टीला तारा लावल्या, दिवा ढिम्म. मग कागदावर पेन्सिलीनं एक जाड, दाट रेघ गिरवलीस, तारा रेघेच्या दोन टोकांना टेकवल्या आणि दिवा लागला. आई म्हणाली, चला, साबणाचे पैसे वसूल.

तुझं काम होतं ती निळी पूड. आम्ल धातू खातं, म्हणून आम्ल काढून टाकल्यावरही थोडीफार वीज वाहून नेईल असे बारीक तंतू तुला हवे होते. थोडीफार यायची, अगदी क्षीण. त्या दिवशी तू सकाळपासून चकत्या दाबत होतीस. पूड साच्यात भरायची, दाबयंत्राखाली ठेवायची, नाण्याएवढी चकती काढायची. आणि प्रत्येक चकती साच्याला चिकटून दुभंगत होती. तू जेवायला गेलीस आणि म्हणालीस, तेवढ्यात तीन दाबून ठेव. माझीही पहिली फुटली. दाबयंत्र दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं मला एकदा सांगितलं होतं की साचा चिकटत असेल तर पेन्सिलीचं शिसं चोळ, शिशासारखं वंगण नाही. मी पेन्सिलीचं टोक ब्लेडनं खरवडलं, पूड कापसावर घेतली आणि साच्याच्या दोन्ही तोंडांना चोळली. त्यानंतरच्या तिन्ही चकत्या अखंड निघाल्या. वर छान चकाकी होती. तू परत आलीस तेव्हा माझ्या पाठीत धपाटा घातलास, आनंदाचा.

पुढचं तुला माहीत आहे, पण लिहितो, कारण ते कुणीच कधी लिहिलेलं नाही. तू वीज मोजणाऱ्या चार सुयांच्या यंत्राखाली चकती ठेवलीस आणि आकडा नेहमीच्या साठपट आला. दुसरीचा तसाच. तिसरीचा तसाच. सर धावत आले. त्यांनी तिन्ही चकत्या कापसात ठेवून डबी आपल्या कपाटात कुलूपबंद केली, पाहुण्यांना दाखवायला. त्या आनंदात नवा साचा मागवला, गुळगुळीत, कशालाच न चिकटणारा. त्याला काही चोळायची गरज नव्हती. आणि त्यानंतर तू सात महिने तीच पूड केलीस, तशीच धुतलीस, तशीच वाळवलीस, आणि आकडा पुन्हा क्षीणच. दुसऱ्या प्रयोगशाळेनं करून पाहिलं, त्यांचाही क्षीण. मग प्रयोगशाळेच्या त्या बैठकीत सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, 'आकडा आला होता, की आणला होता?' मी दाराशी कप गोळा करत होतो. कुणी खुर्चीवर हललं नाही. एकानं बिस्किट उचललं. महिन्याभरात तू गेलीस, पदवी न घेता. तुझं टेबल तुझ्यानंतरच्याला मिळालं, त्याचं त्याच्या नंतरच्याला. तू उठलीस आणि सगळे एकेक जागा पुढे सरकले. बाकाचं उदाहरण मला तेव्हा नीट समजलं आणि त्या सगळ्यांचा वीट आला.

आता नवीन. तुझं काम सरांनी एका नव्या मुलीला दिलं आहे. आम्ही तिला प्रश्नपत्रिका म्हणतो, कारण ती श्वास घेते तेव्हाही प्रश्नचिन्ह उमटतं. दोन वर्षं झाली, लोक विसरले, आता पुन्हा करून बघू, असं सर म्हणाले. नव्या साच्याचा कपचा उडाला म्हणून जुना बाहेर काढला आणि तिच्या चकत्या फुटू लागल्या, अगदी तुझ्यासारख्या. गेल्या मंगळवारी मी पेन्सिल खरवडली आणि साच्याला चोळली. चकती अखंड निघाली, चकाकी आली, आकडा वर उडाला. तेव्हा मला सगळं कळलं. प्रश्नपत्रिका नाचायचीच बाकी होती. सरांनी केक मागवला, आणि तो त्या टेबलावर कापला जिथे सकाळी मी सांडलेलं ॲनिलीन पुसलं होतं. सगळ्यांनी खाल्ला. बोटं चाटली. सर म्हणाले, 'त्या वेळी काम खरं होतं, माणूस कच्चा होता.' तो माणूस म्हणजे तू.

मी सरांच्या खोलीत गेलो आणि पेन्सिलीचं सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसले, मायेनं. म्हणाले, 'अरे, चिमूटभर पेन्सिलीनं असं होत नसतं, तू आपला चिठ्ठ्या लिही, किती सुरेख लिहितोस.' माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोच हात, त्याच ओल्या बोटाचा. मी खाली येऊन सदरा बेसिनमध्ये धुतला. प्रश्नपत्रिकेनं विचारलं, काय झालं. मी सांगितलं. मग तिनं सँडपेपर घेतला, स्वतःच्या चकतीची चकाकी दोन्ही बाजूंनी घासून काढली आणि पुन्हा सुयांखाली ठेवली. आकडा क्षीण. तुझा जुना आकडा, जवळजवळ दशांशापर्यंत. तिनं तो वहीत लिहिला, तारीख घातली आणि मग खुर्चीत बसून रडली. पुढच्या महिन्यात ती इथून जाणार का, आणि 'आणला होता' हे तिलाही ऐकावं लागणार का, हे तिनं मला विचारलं. ज्यानं उत्तर द्यायचं तो माणूस मीच होतो.

वर मी लिहिलं आहे की मला मंगळवारी सगळं कळलं. तू त्या ओळीशी थांबली असशील, कारण पेन्सिलीच्या रेघेनं दिवा लागतो हे तूच मला दाखवलं होतंस. ती ओळ खोटी आहे. खोडली नाही, तशीच ठेवली, म्हणजे मी किती सहज खोटं लिहितो ते तुला दिसेल. त्या बैठकीच्या आदल्या दिवशी तू मला बेसिनपाशी गाठून विचारलं होतंस, 'त्या दिवशी साच्याला काही लावलं होतंस का रे?' मला त्याच क्षणी तो दिवा आठवला. साठपट कुठून आला ते मला तेव्हाच कळलं. आणि मी म्हणालो, नाही, ॲसिटोननं पुसला होता. नोकरी जाईल, बाबा म्हणतील हेही जमलं नाही, एवढंच डोक्यात होतं. तू मान हलवलीस. तू माझ्यावर विश्वास ठेवलास म्हणून तुझं म्हणणं संपलं. दोन वर्षं मी दुसऱ्यांच्या उष्ट्या बोटांची किळस करत बसलो, कारण ती धुता येते. मंगळवारी मी पेन्सिल चोळली ती चकती सुटावी म्हणून नाही, डोळ्यांनी पाहावं म्हणून. आज सकाळी मी वरच्या कार्यालयात अर्ज दिला आहे. त्यात सगळं आहे, तुझा प्रश्न आणि माझं उत्तरही. शेवटी एकच मागणी आहे : सरांच्या कपाटातली ती डबी सगळ्यांसमोर उघडावी आणि तिन्ही चकत्या सँडपेपरनं घासून मोजाव्यात. डबीवरची चिठ्ठी माझ्याच अक्षरात आहे, पेन्सिलीनं लिहिलेली, ती ॲसिटोननंही पुसली जाणार नाही. प्रश्नपत्रिकेनं साक्षीची सही केली आहे. अर्जाची शिक्का मारलेली नक्कल सोबत जोडली आहे, ती तुझी आहे, हवी तिथे दाखव. मला उद्यापासून येऊ नकोस म्हणाले आहेत. दुसरी नक्कल मी आज बाबांच्या पेपरात घालून ठेवली. त्यांनी ती वाचली, दोनदा. मग आईकडे तुझा कारखान्याचा नंबर मागितला. फोन आला तर उचल. तुझा आकडा तू आणला नव्हतास, ताई. तो मी आणला होता.

तुझाच धाकटा,
टापटीपराव हे नाव तूच दिलंस, ते परत घ्यायचं की नाही हेही तूच ठरव