दोनशे बारा पौंडांची कमाई

२ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ९.१०
नवी वही. संकल्प एकच. या वर्षी टॅक्सवाल्यांना एक पेनीही द्यायची नाही. रिटर्न मी स्वतः भरणार. मुदत ३१ तारखेची, मी ७ लाच मोकळा. अकाउंटंट दोनशे पौंड घेतात आणि बेरीज करतात. बेरीज मलाही येते. ग्रिम्सबीच्या बस डेपोत बावीस वर्षं ड्यूटीचे तक्ते मी लावले, एकही बस हरवली नाही. (एक हरवली होती. शेजारच्या लूथ गावात सापडली.)

दुपारी ४.००
घरमालक कथबर्ट आले होते. घर विकणार म्हणाले. एक लाख बारा हजार. आधी आम्हाला विचारतायत, पण फेब्रुवारीअखेरपर्यंतच. मग दारात पाटी लागणार. माझ्या पाळणाघराचं लायसन याच पत्त्यावर. घर गेलं तर लायसन गेलं, चारही पोरं गेली. बायको, गेनॉर, चहा हातात धरून नुसती बसून राहिली. मी म्हटलं, घाबरतेस काय, आपणच घेऊ, आणि कागदावर पहिलं नाव माझं असेल. ती म्हणाली, माशांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं तू उभा होतास का? विषय बदलला.

५ जानेवारी, सोमवार
कर्ज मिळवून देणाऱ्या मिस ओकलींकडे गेलो. तरुण आहे, नखं निळी. दोघांची कमाई धरली तर कर्ज आरामात बसेल म्हणाली. गेनॉरच्या पगाराच्या चिठ्ठ्या हव्यात, आणि माझा टॅक्सचा हिशेब. एक साधा कागद. तिला सांगितलं, असा हिशेब तुम्ही आजवर पाहिला नसेल.

९ जानेवारी, शुक्रवार
७ तारीख हुकली. कारण सबळ आहे. विल्फने सप्टेंबर खाल्ला. विल्फ वय वर्षं तीन, आणि सप्टेंबर म्हणजे त्या महिन्याच्या पावत्यांचं पाकीट. आधी उकडलेल्या बीन्समध्ये बुडवला, मग खाल्ला. त्याची आई न्यायला आली तेव्हा सांगितलं, आज जेवण चांगलं झालं.

सोमवारपासून रोज एक तास. ठरलं.

१४ जानेवारी, बुधवार
चर्चच्या हॉलमध्ये मुलांना खेळायला नेलं. तिथे प्रॉक्टरबाई भेटल्या. तीस वर्षं पोरं सांभाळतायत, सगळ्या गावाला सल्ला देतात. त्यांचं रिटर्न नोव्हेंबरातच गेलं. मी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. घरातल्या मोडतोडीबद्दल मिळकतीचे दहा टक्के वजा करता येतात, पावती लागत नाही. वीज, गॅस, भाडं यांचा ठरलेला वाटा. मुलांचं खाणं. एक कप चहात काम संपतं.

"दहा टक्के घ्यायचे आणि गप्प बसायचं, नेव्हिल. फुटलेले कप मोजत बसायचं नाही," म्हणाल्या.

हाच फरक. मी मोजतो. माझ्याकडे मोडतोडीची स्वतंत्र वही आहे, फोटोंसकट. एकशे त्रेचाळीस नोंदी. सोफ्याचा डाग क्रमांक ३ (बीट) बघितला तर टॅक्सवाला स्वतः रडेल.

१९ जानेवारी, सोमवार. दुपारी १.२०, मुलं झोपलेली
जोरात सुरुवात. वर्षाची मिळकत २१,८६०. त्यातून आधी दहा टक्के वजा. मग वहीतली मोडतोडही वजा. प्रॉक्टरबाई म्हणतात, दोन्ही घेता येत नाही, एकच काहीतरी. त्यांना विचारलंय कोणी?

मार्शलचा प्रश्नही सोडवला. मार्शल म्हणजे आमचा कुत्रा, वय चौदा, दिवसभर गालिच्यावर पडून असतो. पण मुलं त्याला टेकूनच झोपतात. म्हणजे तो कर्मचारी झाला. त्याचं खाणं, डॉक्टर, गुडघ्याच्या गोळ्या, सगळं खर्चात.

२३ जानेवारी, शुक्रवार
भाड्याचा ठरलेला वाटा एवढासा निघतो. अन्याय आहे. मुलं घरभर फिरतात, म्हणून अख्खं भाडं लावलं. वीज, गॅस, पाणी, तेही अख्खं. गेनॉरने खांद्यावरून वाचलं आणि विचारलं, मग आपण राहतो कुठे? म्हटलं, कागदोपत्री आपण माझ्या ऑफिसात झोपतो. ती कप उचलून आत गेली. कौतुक पटकन तोंडावर येत नाही तिच्या.

२९ जानेवारी, गुरुवार. दुपारी १.३५
ऐतिहासिक दिवस. नफा साडेबारा हजारांच्या खाली आला, म्हणजे टॅक्स शून्य! सामान्य माणूस इथे थांबला असता. मी विचार केला, शून्याच्याही खाली गेलो तर सरकारच आपलं देणं लागेल. खर्चात गाडी घातली. बूट घातले. माझं जेवण घातलं (मुलांसमोर जेवतो, म्हणजे ते शिक्षणच). केस कापणं घातलं, कारण केस विल्फ उपटतो. घालण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा थांबलो. नफा दोनशे बारा पौंड.

पाठवलं. मुदतीच्या दोन दिवस आधी. एकच खटकलं. फॉर्ममध्ये सगळ्या खर्चाला मिळून एकच चौकोन होता. एकशे त्रेचाळीस नोंदी, आणि एक चौकोन. फोटो कोणी मागितलेच नाहीत.

३ फेब्रुवारी, मंगळवार
गेनॉरला घेऊन गेलो आणि मिस ओकलींकडे कागद दिला. त्यांनी पुढून पाहिला, मागून पाहिला.

"मिस्टर डाउस, हे दोनशे बारा आठवड्याचे का?"

"वर्षाचे," मी सांगितलं. जरा छाती काढूनच.

मग मी समजावलं, की हा आकडा टॅक्सवाल्यांसाठी आहे, खरी कमाई व्यवस्थित आहे, चांगली आहे. त्या म्हणाल्या, बँक हाच आकडा बघते, दुसरा कुठला बघत नाही. एवढ्या कमाईवर तुमचं नाव अर्जात घालता येणार नाही. यात त्यांनी हसण्यासारखं काही नव्हतं.

घरी येताना बसमध्ये गेनॉर खिडकीबाहेर बघत होती. घराजवळच्या स्टॉपवर उतरल्यावर बोलली.

"वर्षभर चार पोरं सांभाळलीस तू. त्यांची नाकं पुसलीस. विल्फ बोलत नव्हता, तुझ्याकडे येऊन बोलायला लागला. आणि आपल्या हाताने लिहून दिलंस, की हे सगळं दोनशे बारा पौंडांचं."

टॅक्सची भाषाच तशी असते, असं काहीतरी मी म्हणालो. पण वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
गेनॉरने सुट्टी काढली आणि रिटर्न दुरुस्त करायला बसवलं. खोटं लिहून मिळालेलं घर मला नको, म्हणाली. प्रॉक्टरबाई फोनवर. आधी मार्शलला काढला. मग बूट, केस, गाडी, माझं जेवण. मोडतोडीची वही गेनॉरने बंद करून बाजूला ठेवली, दहा टक्के लिहिले. भाड्याचा ठरलेला वाटा लिहिला. सगळं एका कप चहात झालं. चहा पुरता गारही झाला नव्हता.

नफा १४,९६०. टॅक्स आणि सरकारी विम्याचा हप्ता मिळून सहाशे एकवीस पौंड. भरले. संकल्पाबद्दल आज काही लिहीत नाही.

नवा कागद घेऊन धावत मिस ओकलींकडे. त्या म्हणाल्या, आठवड्यात दोनशे बाराचे पंधरा हजार झालेले बघितले तर बँक अर्जच बाजूला ठेवेल. पुढच्या वर्षीचा हिशेब आणा. कथबर्टना फोन केला, वर्षभर थांबाल का? त्यांनी विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना?

१२ फेब्रुवारी, गुरुवार
गेनॉरच्या एकटीच्या पगारावर कर्ज जेमतेम बसतंय. एकोणीस वर्षांच्या सगळ्या चिठ्ठ्या तिने फाइलला लावून ठेवल्या होत्या. महिन्यांप्रमाणे. मी कधी पाहिलीच नव्हती ती फाइल. अर्ज तिच्या एकटीच्या नावाने गेला.

तत्त्वतः माझा पाठिंबा आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ५.४०
कर्ज मंजूर. कथबर्टनी पाटी लावली नाही. चारही पोरं राहिली. विल्फला सांगितलं, त्याने माझ्या बाहीला नाक पुसलं.

सह्यांचे कागद आले. अर्जाच्या प्रतीत एक रकाना: अर्जदारावर अवलंबून असलेल्या व्यक्ती. गेनॉरने सुवाच्य अक्षरात लिहिलंय, एक. खाली नाव, नेव्हिल डाउस, वय छप्पन. दुसऱ्या कागदावर मी सही केली, की मी या घरात फक्त राहतो, घरावर माझा काही हक्क नाही. पेन मिस ओकलींनी दिलं. चांगलं होतं.

आता मालक बदलणार, म्हणून पाळणाघर चालवायला नव्या मालकाची लेखी परवानगी लागते. मी गेनॉरला जेवताना विचारलं. ती म्हणाली, लेखी हवंय ना, मग लेखी अर्ज कर. केला. 'माननीय घरमालकीण यांस, आपल्या घरात चार मुलं सांभाळण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.' तिने चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला.

सोमवारपर्यंत कळवते म्हणाली.