चाळिसाव्या भागापर्यंत

फुलंब्री
९ ऑगस्ट २०२५

चि. तनूस,
मंजूताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आईचे गुडघे तसेच आहेत, बाकी बरं. तुझे फोन उचलत नाही म्हणून रुसू नको. फोनवर माझी जीभ किती अडते ते तुला ठाऊक आहे, आणि आज अडून चालणार नाही.

शेजारच्या भागूबाईची प्रेरणा नववीत आहे, माझ्याकडं शिलाई शिकायला येते. मोबाइलवरची तुझी कादंबरी तिनं मला वाचून दाखवली. माझी बहीण लिहिती म्हणून मी आधी लई मिरवलं. मग त्यातली मुलगी बोलताना अडखळली, वर्गातल्या पोरानं तिचं नाव ‘हँग’ ठेवलं, सराव परीक्षेच्या दिवशी तिला संडासात कोंडलं. तनू, हा माझ्या वर्गातला इंद्रजीत आहे. त्या दिवसानंतर मी शाळेची पायरी चढले नाही. तुझ्या गोष्टीत मात्र तो माफी मागतो आणि ती त्याच्या प्रेमात पडते.

मी हेही गिळलं असतं. पण प्रेरणाच्या मनगटावर वळ आहेत. वर्गातला शिवराज तिचा हात पिरगाळतो, वह्या फाडतो. आईला सांग म्हटलं तर म्हणाली, ताई, हिरोपण चाळिसाव्या भागापर्यंत असाच असतो, मग बदलतो.

पोरगी भाग मोजतीय गं. ती गोष्ट काढून टाक. हात जोडते.

तुझी,
मंजूताई


औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
१३ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.
तुझं पत्र आलं की ऑफिसातले सगळे गोळा होतात. तुझी बहीण कोणत्या जमान्यात राहते म्हणून विचारतात!

ताई, रागावू नको, पण गोष्ट ती गोष्टच. गाव बदललंय, नावं बदललीत, तू आहेस हे कुणाला कळणार आहे? लाखभर जण वाचतात. वाचून रडले असं पोरी लिहितात. वाईट माणूस सुधारतो यावर कुणी विश्वास ठेवला तर बिघडलं काय? आता शेवटचे पाचच भाग उरलेत, ते दोघं मोठे होऊन लग्न करतात. इथं थांबले तर वाचक मला जगू देणार नाहीत. प्रेरणाला मी फोन करून समजावते.

आईचं तेल कडुबाकाकांबरोबर पाठवते, ते रोज शहरात ये-जा करतातच. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
तनू


फुलंब्री
२० ऑगस्ट

तनू,
आशीर्वाद. प्रेरणाचा हात मोडला.

शिवराजनं शाळेच्या जिन्यावरून ढकललं. घरी तिनं पाय घसरला म्हणून सांगितलं. मला एकटीलाच खरं कळलं, तेही शपथ घालून. ढकलल्यावर तो रडला म्हणे. म्हणजे आता तो बदलायला लागलाय, असं ती हसून सांगत होती. प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून हसत होती गं.

मी तिला सांगितलं, ती गोष्टीतली मुलगी मीच आहे. एवढं सांगायला मला किती वेळ लागला ते विचारू नको. तर म्हणाली, खोटं बोलता ताई, ती तर सुखात आहे.

भागूबाईला बोलले तर घर सोडून जाईन म्हणती. मी काय करू? रात्रंदिवस तोच विचार. मला शब्द फुटत नाहीत आणि तुझे थांबत नाहीत. माझं ऐकून ती थांबायची नाय. तू ये. पत्र कडुबाकाकांच्या हातीच पाठवतेय.

मंजू


औरंगपुरा
२२ ऑगस्ट

ती. ताई,
नमस्कार कोणत्या तोंडानं लिहू?

काल रात्री सगळे भाग काढून टाकले. त्या जागी एवढंच लिहिलं, की ती मुलगी शाळेत परत आली नाही आणि त्या मुलानं कधी माफी मागितली नाही. लोक शिव्या घालताहेत. घालू देत.

पण खरं वेगळंच आहे. ‘हँग’ हे नाव इंद्रजीतनं ठेवलं नव्हतं. मी ठेवलं होतं. मी सातवीत होते. तुझी बहीण म्हणून ती पोरं मलाही चिडवायची. त्यांनी मला सोडावं म्हणून मधल्या सुट्टीत मीच जाऊन ते नाव त्यांना दिलं. ते हसले, मीही हसले, आणि त्यांनी मला सोडलं. संडासाच्या दाराला कडी घातली तेव्हा मी नळापाशी उभी होते.

तो सुधारला असं लिहिलं की माझंही पाप फिटेल असं वाटायचं. म्हणून लिहीत राहिले. रविवारी येते. दारात उभं केलं नाहीस तरी प्रेरणाला भेटून जाईन.

तनू


फुलंब्री
४ सप्टेंबर

चि. तनूस,
आशीर्वाद. वि. वि. त्या रविवारी तू प्रेरणाला मोबाइलवरची गोष्ट खोटी आणि माझी खरी, हे तोंडानं सांगून गेलीस. तिसऱ्या दिवशी तिनं आपणहून आईला सगळं सांगितलं. भागूबाईनं मला बरोबर घेतलं आणि आम्ही तिघी शाळेत गेलो. मुख्याध्यापक म्हणाले, पोरांची मस्ती असते. मग मी बोलले. एकेका शब्दाला घाम फुटला. मध्येच शिपाई हसला. तरी मी पुरं बोलले, आणि ते लिहून घेतल्याशिवाय उठले नाही.

शिवराजला दुसऱ्या तुकडीत टाकलंय. बापानं त्याला माफी मागायला लावली. प्रेरणानं ऐकून घेतलं, तेवढंच. घरी येऊन लई रडली. अजून मधूनच विचारते, तो खरंच बदलला तर? मी म्हणते, बदलू दे की. ते बघायला तू कशाला थांबायचं?

आता तुझं. महालक्ष्म्यांना तुला बोलावलं नाही. आईनं कारण विचारलं, मी सांगितलं नाही. ते तू सांगायचं, माझ्यासमोर. राग गेला असं लिहिणार नाही, कारण तो गेला नाही. तू नळापाशी उभी होतीस हे डोळ्यांपुढून हलत नाही. दसऱ्याला ये. जेवायला वाढीन. माफीचं विचारू नको.

माया तुटली नाही, पण फार दुखतेय. सध्या तेवढ्यावर भागव.

तुझी,
मंजूताई